नात विचारते, "पुरुषांच्या संघात मी खेळेन का?"

काका, तुमच्यासारखा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी मला विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इतर पालकांच्याही कामी येईल. तुमची नात बारा वर्षांची. थाटीपूरच्या कॉलनीत मुलांबरोबर फुटबॉल खेळते, दोघा-तिघांना सहज चकवते. दादाच्या जुन्या शूजमध्ये कागद कोंबून खेळते, पण खेळते. परवा टीव्हीवर पुरुषांची मॅच चालू असताना तिनं विचारलं, "आबा, मी मोठी झाल्यावर ह्यांच्यात खेळेन का?" तुम्ही पटकन "का नाही!" म्हणालात आणि मग रात्रभर वाटत राहिलं, की आपण नातीशी खोटं तर बोललो नाही ना. त्यात सूनबाईंचं म्हणणं, आता मोठी झाली, मुलांत खेळणं पुरे.

मी इथलीच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेली. लक्ष्मीबाई इन्स्टिट्यूटमधून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि गेली चोवीस वर्षं ग्वाल्हेरात मुलांना आणि मुलींना फुटबॉल शिकवते आहे. तुम्ही खरं काय ते विचारलंय, तर आधी ते सांगते. पुरुषांच्या वरच्या व्यावसायिक लीगमध्ये बाई नियमित खेळेल, असं मला दिसत नाही. पण तेवढ्यावरून तिला आज मुलांतून काढून घेतलंत, तर तिच्या खेळाचं त्याहून मोठं नुकसान दुसरं नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि लोक नेमकी पहिली ऐकून दुसरीची वाट लावतात.

मोजमापापासून सुरुवात करते. माझ्याकडे सरावाच्या जुन्या वह्या आहेत. दर तीन महिन्यांनी मी सगळ्यांची तीस मीटरची धाव स्टॉपवॉचवर घेते आणि लिहून ठेवते. त्यातलं एका मुलीचं आणि तिच्या बरोबरीच्या एका मुलाचं पान मी पालकांना नेहमी दाखवते. बाराव्या वर्षी तिची वेळ ५.१ सेकंद, त्याची ५.२. म्हणजे ती पुढे. तेराव्या वर्षी दोघंही ५ वर. पंधराव्या वर्षी ती ४.८ आणि तो ४.४. तिनं मेहनत कमी केली नव्हती, त्या तीन वर्षांत ती क्वचितच सरावाला चुकली असेल, आणि तिची वेळ सुधारलीच आहे. पण ०.४ सेकंद म्हणजे त्या वेगाला जवळजवळ तीन मीटर. मोकळ्या बॉलकडे दोघं एकाच क्षणी निघाले आणि एक जण तीन मीटर आधी पोचला, तर दुसऱ्याचं ड्रिब्लिंग कितीही सुंदर असो, ते दाखवायला बॉलच मिळत नाही.

हे होतं कशामुळे? वयात येईपर्यंत मुलगा-मुलगी धावण्यात, उडीत जवळपास सारखेच असतात. बारा-तेरानंतर मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कित्येक पटींनी वाढतं. हाडं लांब आणि जाड होतात, स्नायू भरतात, हृदय-फुप्फुसं मोठी होतात, रक्तात हिमोग्लोबिन वाढतं. मुलीही ह्या वयात वाढतात, पण त्या वाढीत स्नायूंचा वाटा कमी असतो. जगातल्या सर्वोत्तम धावपटूंकडे बघा. शंभर मीटरचा पुरुषांचा विक्रम ९.५८ सेकंद, बायकांचा १०.४९. हा फरक दहा टक्क्यांच्या आसपास. लांब उडीत ८.९५ मीटर आणि ७.५२ मीटर, म्हणजे सोळा टक्के. उंच उडीत २.४५ आणि २.१०. धावण्यापेक्षा उडीत फरक जास्त, आणि शरीराच्या वरच्या भागाच्या ताकदीत त्याहूनही जास्त. कॉर्नरवर हेडरसाठी दोन माणसं उडी मारतात तेव्हा ही सगळी तफावत एका क्षणात समोर येते.

इथे मला कुणीतरी हमखास सांगतं, "मग गोलकीपर होऊ दे, त्याला कुठे पळायचं असतं!" मला हे अजिबात पटत नाही. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, पुरुषांना तेवढाच आणि बायकांनाही तेवढाच. वरच्या कोपऱ्यातला बॉल काढायला उंची, हाताची लांबी आणि उभ्या जागेवरून मारलेली उडी लागते, आणि फरक नेमका तिथेच सगळ्यात मोठा आहे. माझ्या अंदाजानं बाई त्यातल्या त्यात जवळ जाईल ती मधल्या फळीत. जिला बॉल यायच्या आधीच पुढचा पास दिसतो, जिचा फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, पक्का आहे, जी एका स्पर्शात बॉल काढून देते. पण पुरुषांच्या वरच्या लीगमध्ये विचार करायला अर्धा सेकंद मिळाला तरी खूप, आणि तो अर्धा सेकंद प्रतिस्पर्ध्याचे पायच खाऊन टाकतात.

तुम्ही मोबाइलवर वाचलं असेल, २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाला एफसी डॅलसच्या पंधरा वर्षांखालच्या मुलांनी ५-२ नं हरवलं. त्याआधी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाचाही मुलांच्या एका संघाशी ७-० असा निकाल लागला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण ते सरावातले सामने होते. बायकांचे मोठे संघ मुद्दाम मुलांशी खेळतात, कारण तो वेग त्यांना दुसरीकडे मिळत नाही. अमेरिकेचा संघ तेव्हा विश्वविजेता होता आणि दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, पुन्हा झाला. हे निकाल बायकांना चिडवायला वापरणारे लोक मला भेटतात. त्यांना मी एवढंच विचारते, की तुमच्या घरातली किती मुलं डॅलसच्या त्या मुलांसमोर दहा मिनिटं टिकतील?

आता प्रत्यक्षात कुणी प्रयत्न केला का? केला. २००३ मध्ये इटलीच्या सेरी आ ह्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या पेरूजा क्लबनं जर्मनीच्या बिर्गिट प्रिन्झला पुरुषांच्या संघात यायचं बोलावणं दिलं. त्या काळातली ती जगातली सर्वोत्तम स्ट्रायकर, त्याच वर्षीच्या विश्वविजेत्या संघातली. तिनं विचार केला आणि नाही म्हटलं. पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या दुसऱ्या विभागातल्या सेलाया क्लबनं मारिबेल दोमिन्गेझला घेतलंच होतं. ही लहानपणी आपण मुलगी आहोत हे लपवून मुलांत खेळलेली. फिफा ह्या जागतिक फुटबॉल संघटनेनं मध्ये पडून नकार दिला, पुरुषांचं आणि बायकांचं फुटबॉल वेगळंच राहिलं पाहिजे म्हणून. त्या दोघींचं काय झालं असतं, हे बघायला मला मनापासून आवडलं असतं. मारिबेलला अडवायला नको होतं, असं माझं आजही मत आहे. जमलं नसतं तर तिला स्वतःला मैदानावर कळलं असतं, कागदावर नाही.

खालच्या पातळीवर मात्र दार थोडं उघडलंय. जपानची यूकी नागासातो, २०११ च्या विश्वविजेत्या संघातली, २०२० मध्ये हायाबुसा इलेव्हन ह्या कानागावा प्रांताच्या लीगमधल्या पुरुष संघात खेळायला गेली. तिचा भाऊही त्याच संघात होता. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये एलेन फोकेमा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी फोआरूत ह्या गावच्या क्लबच्या पुरुष संघात आली. पाच वर्षांची असल्यापासून ती ह्याच मुलांबरोबर खेळत होती. नियमाप्रमाणे आता वेगळं व्हायला हवं होतं, पण क्लबनं विनंती केली आणि डच संघटनेनं प्रयोग म्हणून परवानगी दिली. हे हौशी फुटबॉल आहे, व्यावसायिक नाही. पण पुढे कधी काही बदललं तर ते असंच, गावच्या क्लबातून वर येईल, असं मला वाटतं.

नियमांचंही लोकांना नीट ठाऊक नसतं. फुटबॉलच्या सतरा नियमांत "बाई चालणार नाही" असं कुठेही लिहिलेलं नाही. मैदान तेच, बॉल तोच पाच नंबरचा, वेळ तीच नव्वद मिनिटं. अडवतात त्या स्पर्धांच्या आणि संघटनांच्या नियमावल्या. त्या माणसांनी केल्यात आणि माणसांनी बदलल्याही आहेत. ह्याचा इतिहास फार वाईट आहे. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर' नावाच्या कारखान्यातल्या मुलींचा सामना बघायला ५३,००० लोक आले होते. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना बंदी केली. कारण दिलं, की हा खेळ बायकांना शोभत नाही. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ बायकांना फुटबॉल कायद्यानंच बंद होतं. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० तिथल्या फुटबॉल संघटनेची बंदी होती. म्हणजे पुरुषांचं फुटबॉल मोठं होत होतं त्या सगळ्या काळात बायकांना मैदानाबाहेर ठेवलं, आणि आता म्हणतात, बघा किती मागे आहेत. शरीराचा फरक खरा आहेच, पण आज दिसणारा सगळा फरक शरीराचा नाही. कोचिंग नाही, मैदान नाही, तेराव्या वर्षी घरी बसवलेलं, हेही त्यात मिसळलेलं आहे. बार्सिलोनाच्या बायकांची मॅच बघायला एप्रिल २०२२ मध्ये ९१,६४८ लोक आले, ते पुरुषांशी तुलना करायला आलेले नव्हते.

तुम्ही पत्रात एक ओळ लिहिलीय, "आपण राणीच्या समाधीजवळ राहणारी माणसं, आणि नाही म्हणायचं?" ही ओळ मला लागली. माझं इन्स्टिट्यूटसुद्धा १९५७ साली, १८५७ च्या लढ्याच्या शताब्दीला, झाशीच्या ह्या राणीच्याच नावानं उभं राहिलं. समाधीच्या फूलबागेवरून जाताना आजही माझा हात आपोआप छातीपाशी जातो. पण काका, राणीच्या खाली घोडा होता आणि हातात तलवार. घोडा स्वाराचा वेग बरोबरीला आणतो. फुटबॉलमध्ये घोडा नाही, स्वतःचे दोन पाय तेवढे आहेत. आणि राणीनं आधी लहानपणी मुलांबरोबर तलवार आणि घोडा शिकून घेतला, हे तिच्या गोष्टीतलं आपण विसरतो. तुमच्या नातीला लागू पडतं ते हे.

आता त्याच वहीतल्या दोघांचा एक प्रसंग सांगते. जानेवारीची सकाळ, धुकं एवढं की पलीकडचा गोलपोस्ट दिसत नव्हता. टचलाइनजवळ फिफ्टी-फिफ्टी बॉल, म्हणजे दोघांपैकी कुणालाही मिळू शकेल असा. ती चौदाची. नेहमीसारखी खांदा लावून आत शिरली. दोन वर्षांपूर्वी तिच्या ह्याच खांद्यानं तो मुलगा बाजूला व्हायचा. ह्या वेळी तोही खांदा लावूनच आला, अगदी नियमात. ती चुन्याच्या रेषेपलीकडे दीड-दोन हात जाऊन पडली. कोपर सोललं. मुलगा घाबरून बॉल सोडून उभाच राहिला. ती उठली, कोपरावरची माती झटकली आणि त्याच्यावरच ओरडली, "थांबलास काय? खेळ ना!" पुढच्या वेळी मात्र तिनं खांदा लावला नाही. एक पाऊल मागे थांबली, त्याची मान कुठे वळते ते बघितलं आणि त्यानं पास टाकताच वाटेतच बॉल काढून घेतला. मी शिट्टी तोंडात धरून तशीच उभी राहिले. त्या सकाळी ती जे शिकली, ते निव्वळ मुलींच्या सरावात मी तिला दोन वर्षांतही शिकवू शकले नसते. पुढे ती राज्याच्या संघातून खेळली, आणि मुलींच्या सामन्यात तिच्याजवळ बॉल आला की ती अशी शांत असायची, जणू तिला दुप्पट वेळ मिळालाय.

म्हणून सूनबाईंना सांगा, की आत्ता मुलांत खेळणं हा तिचा अभ्यास आहे. नेदरलँड्सची विवियान मीडेमा लहानपणी मुलांच्याच संघांत खेळली आणि पंधराव्या वर्षी बायकांच्या वरच्या लीगमध्ये उतरली. मी स्वतः तेरा वर्षांची असताना आमच्या शाळेच्या संघातून सरांनी माझं नाव कापलं, मुलगी आता शोभत नाही म्हणून, आणि मुलींचा संघ तेव्हा नव्हताच. तीन वर्षं मी गच्चीवर भिंतीशी बॉल मारत काढली. त्या तीन वर्षांची भरपाई नंतर कशानंच झाली नाही.

मग मुलांबरोबर कधीपर्यंत? ठरावीक वाढदिवस मी सांगत नाही. साधारण चौदा-पंधरापर्यंत, आणि बघायचं ते वजन आणि टकरीकडे. तिच्यात आणि समोरच्यांत पंधरा-वीस किलोंचा फरक पडायला लागला की पूर्ण सामने कमी करायचे, पण छोट्या जागेतला चार विरुद्ध चारचा सराव चालू ठेवायचा. तिथे ताकदीपेक्षा डोकं आणि पहिला स्पर्श चालतो. त्याच सुमारास आठवड्यातून दोन दिवस मुलींचा संघ सुरू करायचा, एकदम तोडायचं नाही. सुब्रतो कप ह्या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेत मुलींचा वेगळा गट आहे, शाळेला विचारून ठेवा.

दोन गोष्टींची काळजी मात्र आत्तापासून घ्या. एक म्हणजे रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय निघाला, मुलांत ३१ जणांना. मुलगी दहा मिनिटांत दमते, तेव्हा कोच तिला आळशी म्हणतो आणि घरचे नाजूक म्हणतात, पण हिमोग्लोबिन कुणी तपासत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आधी तपासणी करून यायला सांगते. बारा ते चौदा वयात ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. बेडई-कचोरी रविवारी खाऊ द्या, पण रोजच्या ताटात डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, चालत असेल तर अंडं, आणि वर लिंबू. जेवणानंतर लगेच चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. पाळी सुरू झाली की हे दुप्पट लक्षात ठेवायचं, आणि त्या दिवसांत खेळायचं की नाही हे तिलाच ठरवू द्यायचं. बहुतेक मुली आरामात खेळतात.

दुसरं गुडघा. गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा अस्थिबंध मुलींमध्ये मुलांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त तुटतो. कंबरेची ठेवण, हार्मोन्स, उडीवरून उतरताना गुडघे आत वळणं, अशी कारणं त्यात आहेत. आणि आपल्याकडची मैदानं उन्हाळ्यात विटेसारखी होतात. तो तुटला की आठ-नऊ महिने गेले, कधी खेळच गेला. ह्यावर उपाय साधा आहे. फिफाच्या डॉक्टरांनी बसवलेला वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे, फिफा इलेव्हन प्लस नावाचा. लहान मुलांसाठी त्याचाच वेगळा प्रकार आहे. एका पायावर तोल, हळू स्क्वॉट, उडी मारून गुडघा पंज्याच्या रेषेत ठेवून उतरणं. माझ्या मैदानावर तो केल्याशिवाय कुणाला बॉल मिळत नाही, मुलग्यांनाही नाही.

आणि पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये बायका नाहीतच, असंही तिला सांगू नका. त्या तिथे पोचल्या आहेत. फ्रान्सची स्तेफानी फ्रापार १ डिसेंबर २०२२ ला पुरुषांच्या विश्वचषकात जर्मनी-कोस्टा रिका सामन्याची मुख्य रेफरी होती. ह्या कामासाठी बाईला पुरुष रेफरींचीच धावण्याची परीक्षा पास व्हावी लागते, सवलत नाही. हाँगकाँगमध्ये चान युएन-तिंग ह्या सत्तावीस वर्षांच्या मुलीनं २०१६ मध्ये ईस्टर्न ह्या पुरुष संघाला कोच म्हणून लीग जिंकून दिली. जिथे पायांच्या ताकदीपेक्षा खेळाची समज लागते, तिथे बाई पुरुषांच्या बरोबरीनं उभी राहिली, आणि हे सगळं गेल्या दहा-बारा वर्षांतलं आहे.

तर तिला काय सांगायचं? मी असते तर तिला शेजारी बसवून म्हणाले असते: "बाळा, त्या टीव्हीवरच्या संघात बहुतेक नाही. तुझं शरीर आणि त्यांचं शरीर पुढे वेगळं वाढेल, त्यात तुझी काही चूक नाही. पण तुझ्यासाठी संघ आहे." आणि मग तिला नावं सांगा. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सशी करार करून गेली, आपली युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी पहिली मुलगी. मनीषा कल्याण २०२२ मध्ये बायकांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. ५ जुलै २०२५ ला आपल्या मुलींनी थायलंडमध्ये जाऊन थायलंडलाच २-१ नं हरवलं आणि पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात गेल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तो सामना मोबाइलवर शोधून तिला दाखवा, पूर्ण नव्वद मिनिटं. त्यात कुणाची तुलना करायची नाही, फक्त संगीता बॉल नसताना कुठे उभी राहते ते बघायला सांगा.

सोमवारपासून पहाटे साडेपाचला तिला मैदानावर घेऊन या. मुलांच्या चौदा वर्षांखालच्या गटात तिला उभी करते. रक्ताचा रिपोर्ट बरोबर आणा. आणि शूज तेवढे तिच्या मापाचे घ्या. कागद कोंबलेल्या शूजमध्ये पाय आत सरकतो, वळताना सगळा भार गुडघ्यावर येतो. महागाचे नकोत, अंगठ्यापुढे अर्धं बोट जागा राहिली की पुरे.